तीनशे पावलांचा शेजार

मार्लिस हॉगनने एकोणतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. तीही मिनेसोटाच्या उत्तरेला, जिथली तळी नोव्हेंबरात गोठली की एप्रिलपर्यंत डोळे उघडत नाहीत. तिने कधी बस घसरू दिली नाही, की कधी पोरांवर आवाज चढवला नाही. आरशातून एकदा बघितलं की मागच्या बाकांवरचा दंगा आपोआप बसायचा.

नवरा रॉजर गेला तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. घर होतं तसंच होतं, पण त्यात तिच्या डोळ्याला डोळा लागेना. दिवे लावून बघितले, रेडिओ लावून बघितला, पलंगाच्या रॉजरच्या बाजूला झोपून बघितलं. काही उपयोग नाही. सकाळची फेरी संपवून दुपारची सुरू व्हायच्या आधी बसच्या मागच्या लांब बाकावर आडवी झाली, की मात्र अशी गाढ झोप लागायची की डेपोतली माणसं खिडकीवर टकटक करून उठवायची.

"डॉक्टरला दाखव," मुलगा डीन म्हणाला.

"काय दाखवू? चाकं असलेल्या जागेत झोप लागते, एवढंच तर आहे."

"मग काय बस विकत घेणारेस?"

"छे. एवढी मोठी कशाला?"

दोन वर्षांनी ती निवृत्त झाली. घर डीनच्या नावावर करून दिलं आणि गालिचे बसवणाऱ्या एका माणसाची जुनी पांढरी व्हॅन घेतली. आत एक फळ्यांची खाट, दोन शेगड्यांची चूल, पाण्याचे डबे, छतावर उन्हाची वीज करणारा एक काळा पत्रा. बाहेरच्या अंगाला जुन्या धंद्याची अक्षरं खरवडली, तरी उन्हात अजून दिसायची. त्या हिवाळ्यात ती दक्षिणेला निघाली आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्ट्झसाइट गावाबाहेर, तिच्यासारख्याच शेकडो गाड्यांच्या मुलखात येऊन थांबली.

गर्दी नको म्हणून ती इतरांपासून लांब गेली आणि तिथेच फसली. एका कोरड्या ओढ्याच्या रेतीत मागची चाकं निम्मी बुडाली. बर्फातली सगळी विद्या वापरून झाली, तशी चाकं आणखी खाली गेली. तेवढ्यात पलीकडच्या निवडुंगांमधून एक उंच, काटकुळा म्हातारा खांद्यावर फावडं टाकून सावकाश चालत आला. येऊन त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"बाई, अजून थोडं फिरवा चाक. पाणी लागेलच आता."

"काय?"

"चाळीस वर्षं विहिरी खोदल्या मी ओक्लाहोमात. एवढ्या झपाट्याने मला कधी जमलं नाही, म्हणून म्हटलं."

"हसून झालं असेल तर ते फावडं द्या इकडे."

"फावडं नंतर. आधी टायरातली हवा सोडा. निम्मी. रेतीत ताठपणा चालत नाही."

हा हॉलिस प्रुइट. बायको सोडून गेलेली, मुलगी यूमा शहरात आपल्या संसारात, आणि हा बारा हिवाळे वाळवंटात. त्याची तपकिरी व्हॅन ओढ्याच्या पलीकडे उभी होती. मार्लिसची गाडी बाहेर निघाल्यावर तिने अलीकडे, एका मोठ्या आयर्नवूडच्या झाडाखाली मुक्काम टाकला. दोघांच्या गाड्यांमध्ये तीनशे पावलं. तिने मोजली होती. पुढे कळलं की त्यानेही मोजली होती. त्याची दोनशे साठ भरली, पाय लांब म्हणून.

तिथल्या लोकांची रीत अशी की दुसऱ्याच्या दारात बोलावल्याशिवाय जायचं नाही, आणि आदल्या आयुष्याबद्दल आपण होऊन विचारायचं नाही. पण एकटं राहायचं म्हणजे कधीतरी सकाळी उठणं होणारच नाही, हेही प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून हॉलिसने एक ठरवलं. उठलं की आरशाला लाल फडकं बांधायचं. नऊ वाजेपर्यंत दिसलं नाही, तर दुसऱ्याने येऊन दार वाजवायचं. सहा हिवाळ्यांत मार्लिसने एकदाच दार वाजवलं. तो फडकं धुऊन वाळत घालून विसरला होता.

सरकारी जमिनीवर चौदा दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, मग पंचवीस मैल लांब जावं लागतं. ती दोघं एकाच दिवशी निघायची, वेगवेगळ्या वाटांनी, आणि ठरलेल्या नव्या जागी पुन्हा तेवढंच अंतर ठेवून उभी राहायची. रविवारी एकत्र जेवण. तो भिजवलेल्या राजम्याची आमटी आणि मक्याची भाकर करायचा, ती खिम्यावर बटाट्याच्या टिक्क्या रचून आपल्या मुलखाचं हॉटडिश भाजायची. तिसऱ्या हिवाळ्यात केव्हातरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो तिला चिडवायला मात्र "हॉगनबाई"च म्हणायचा. याच्या पलीकडे कुणी काही बोललं नाही. एप्रिलात ती उत्तरेला जायची, तो डोंगरांत चढायचा. उन्हाळाभर तळ्याकाठी बसून ती मनात त्याच्याशी बोलायची, इतकं की ऑक्टोबरात प्रत्यक्ष भेटल्यावर अर्ध्या गोष्टी सांगून झाल्यासारख्या वाटायच्या.

सातव्या हिवाळ्यात ती आली तेव्हा ओढ्यापलीकडची जागा रिकामी होती.

पहिले चार दिवस तिला काही वाटलं नाही. गाडी बिघडली असेल. पाचव्या दिवसापासून रस्त्यावर धूळ उठली की हातातलं काम सोडून ती बघत राही. धूळ दुसऱ्याच कुणाची तरी असे. हॉलिस फोन जवळ बाळगत नसे, त्यामुळे विचारायची सोय नव्हती. रोज सकाळी ती आपलं फडकं बांधायची, कुणी बघायला नसताना. चौदा दिवस भरले. तिने जागा सोडली, पंचवीस मैलांवर गेली, तिथे जीव रमेना. मुदत संपताच परत त्याच झाडाखाली आली. रानगाढवं ओढ्यात येऊन तिच्याकडे बघत उभी राहायची.

"काय बघता?" ती त्यांना म्हणायची. "नाही आला अजून."

डिसेंबरात गावातल्या टपालाच्या दुकानात तिच्या नावाचं पत्र आलेलं होतं. अक्षर हॉलिसचंच, जरा डगमगणारं.

खुब्याचं हाड मोडलं, त्याने लिहिलं होतं. उन्हाळ्यात, डोंगरात, गाडीतून उतरताना. आत लोखंड घातलंय. डॉक्टर म्हणतो व्हॅन विसरा. मुलीने यूमात म्हाताऱ्यांच्या वस्तीत एक फिरतं घर घेऊन दिलंय, फिरतं नावालाच, जागचं हलत नाही. दोन खोल्या आहेत. एकीची खिडकी पूर्वेला आहे. तुला सकाळचं ऊन लागतं. येऊन बघ.

मार्लिसने ते पत्र दुकानाच्या पायरीवर उभ्याउभ्याच तीनदा वाचलं आणि सरळ दक्षिणेचा रस्ता धरला.

यूमात त्या दिवसांत शेतं हिरवीगार असतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मैलोन्‌मैल लेट्यूसचे गड्डे आणि वाकून कापणारी माणसं. वस्तीत मात्र गवताचं पातं नव्हतं. घरांपुढे खडी पसरून तिला हिरवा रंग दिलेला. हॉलिस दारात चालायच्या चार पायांच्या आधाराला धरून उभा होता. इतका वाकलेला, की मार्लिसला क्षणभर वाटलं, चुकीच्या घरी आले.

"हॉगनबाई, तोंड मिटा. माशी जाईल."

"फोन घेतला असतास तर मेला असतास का रे? दोन महिने मी रस्त्याकडे डोळे लावून बसलेय!"

"काय सांगू फोनवर? पडलो म्हणून? तुझ्यासमोर बारा वर्षांच्या बढाया मारलेल्या."

ती हसली, मग रडली, मग दोघं जेवायला बसली.

ती तिथे अकरा दिवस राहिली. पूर्वेची खोली खरंच चांगली होती. त्याने मुलीकडून नवी चादर मागवून घेतली होती, निळी. सकाळी ती कॉफी करायची, तो वर्तमानपत्र मोठ्याने वाचून त्यातल्या माणसांना शिव्या घालायचा. दुपारी पत्ते. इतकी वर्षं रविवारपुरतं मिळणारं बोलणं आता दिवसभर मिळत होतं. त्याला खोकला आला की भिंतीपलीकडून ऐकू यायचं. हेच तर आपल्याला हवं होतं, असं ती स्वतःला सांगायची.

पण झोप नाही. फ्रीजची घरघर, वर लोंबणारं छत, चारी बाजूंनी भिंती. चौथ्या दिवशी दुपारी ती "गाडीतलं जरा आवरते" म्हणून गेली आणि तीन तास गाढ झोपली. सहाव्या दिवसापासून ती उघडपणेच अंथरूण घेऊन दारातल्या व्हॅनमध्ये जायला लागली. निळी चादर घडी केलेलीच राहिली. हॉलिसने ती पाहिली.

नवव्या दिवशी वस्तीच्या देखरेखीवरच्या कॅपेलबाई आल्या. सभ्य बाई, हातात नियमांचा कागद.

"प्रुइटसाहेब, नियम अकरा. गाडीत झोपता येत नाही."

"कोण झोपतंय गाडीत?"

"या बाई."

"त्या स्वतःच्या घरात झोपतात. घर माझ्या दारात उभं आहे, एवढंच. तुमची पण सगळी घरं चाकांवरचीच ना? बघा खाली वाकून."

"आमच्या चाकांना पन्नास वर्षांत हवा भरलेली नाही," कॅपेलबाई म्हणाल्या. त्यांनाही हसू आलं होतं, पण कागद त्यांनी ठेवलाच.

त्या गेल्यावर हॉलिसचं हसू उतरलं.

"चार दिवस खोलीत झोपून बघ पुन्हा. सवय होते," तो म्हणाला.

"नाही होत रे. मी बघितलं."

"मला झाली की."

"तुला झाली?"

"नाही," तो म्हणाला. "पण मी राहतोय."

दोन दिवस नीट गेले, म्हणजे दोघं जपून बोलत होती. अकराव्या दिवशी ती म्हणाली, की थोडे दिवस वाळवंटात जाऊन येते, मग पुन्हा येईन. तेव्हा त्याचा तोल सुटला. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुला माणसापेक्षा त्याची आठवण जास्त आवडते, मार्लिस. तीनशे पावलांवरून कुणालाही जीव लावता येतो. त्याला काही लागत नाही."

ती उठली. सामान आवरायला वेळ लागतच नव्हता. सामान व्हॅनमध्येच होतं.

नाताळ तिने आयर्नवूडखाली एकटीने काढला. ते वाक्य तिच्यासोबत होतं. भांडी घासताना, पाण्याचे डबे भरताना, सकाळच्या थंडीत हातमोजे घालून चूल पेटवताना. आधी राग यायचा. मग आठवायला लागलं. एकोणतीस वर्षं रोज पहाटे पाचला ती घराबाहेर पडायची, रॉजर झोपेत असायचा. संध्याकाळी ती दमलेली, तो टीव्हीपुढे. चांगलं चाललं होतं त्यांचं, सगळे म्हणायचे. आणि तिने रॉजरला सगळ्यात जास्त कधी जीव लावला? तर बस चालवताना. गोठलेल्या तळ्याच्या कडेने जाताना ती त्याचाच विचार करायची, घरी गेल्यावर काय काय सांगायचं ते ठरवायची. घरी पोचल्यावर सांगायची नाही. त्याला कधी हे कळलं होतं का? विचारायला आता कुणी नव्हतं. झाडाखाली खुर्ची टाकून बसलेली ती साठी उलटलेली बाई पहिल्यांदा नवऱ्यासाठी मोकळेपणी रडली. तो जाऊन आठ वर्षं झाली होती.

जानेवारीत गावात मोठी जत्रा भरते. दगडांचे, हत्यारांचे, जुन्या कपड्यांचे तंबू लागतात, चहूकडून गाड्या येतात. त्या गर्दीत तिला एक उंच पाठीची खुर्ची दिसली, घट्ट हातांची, जमिनीपासून बरीच वर. तिने ती घेतली, लाकडाची एक रुंद पायरी ठोकून घेतली आणि यूमाला गेली.

हॉलिसने दार उघडलं. दोघंही जरा अवघडली.

"ते बोललो ते..." तो म्हणाला.

"खरं बोललास. आता चपला घाल. एक दिवस तुला बाहेर नेते."

"मला चढता येत नाही त्या डब्यात."

"पायरी आणलीये. चाळीस पोरं रोज चढवलीयेत मी, रडणारी, लाथा मारणारी. तू एकटा आहेस."

चढायला दहा मिनिटं लागली, आणि त्यातली आठ त्याच्या शिव्यांची. पण रस्ता वाळवंटात शिरला तसा तो गप्प झाला. ओढ्यापलीकडच्या त्याच्या जागेवर तिने खुर्ची मांडली. चुलीसाठी त्याने रचलेले दगड अजून गोलात होते. आदल्या आठवड्यात पाऊस शिंपडून गेला होता, त्यामुळे क्रिओसोटच्या झुडपांना तो कडवट, ओला वास होता. हॉलिस दोन तास बसला. तिने सूप दिलं, ते त्याने हातात धरून ठेवलं.

"ती गाडी कुणाची नवी?" त्याने एकदा विचारलं.

"कुणी जोडपं आहे. जनरेटर लावतात."

"लाज नाही लोकांना."

एक टिटवीएवढा पक्षी झुडपाखालून पिल्लांसारखी रांग लावून आलेल्या सोबत्यांना घेऊन पळाला. हॉलिसची मान त्यांच्यामागे वळत गेली, जिथवर वळत होती तिथवर. उठून बघावं म्हणून त्याने खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अर्धा उठला आणि परत बसला. मार्लिस पुढे झाली नाही. तिला कळलं, की पुढे झालेलं त्याला चालणार नाही.

ऊन उतरायच्या आधीच तो म्हणाला, "चल."

"अजून वेळ आहे."

"चल म्हणतोय ना."

यूमाची शेतं दिसायला लागल्यावर तो बोलला, समोर बघतच. "छान केलंस. पण पुन्हा नको आणूस मला. एकदा सोडून जायचं होतं, ते पडल्यामुळे आपोआप झालं. आपल्या पायांनी पुन्हा पुन्हा सोडून यायचं मला जमणार नाही."

मार्लिसने गाडी चालू ठेवली. इतके दिवस तिला वाटत होतं की वाट बघणारी आपण एकटीच. हा माणूस रोज त्या हिरव्या खडीपुढे बसून काय बघत असेल, हे तिने मनात आणलंच नव्हतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिने आयर्नवूडखालचा मुक्काम उचलला. यूमापासून वीस मैलांवर, नदीवरच्या धरणाजवळ, सरकारने हिवाळी मुक्कामाला राखलेलं एक माळरान आहे. परवाना काढला की तिथे मोसमभर राहता येतं. जागा काही देखणी नाही. काळी खडी, झाड नाही, आणि पलीकडच्या लष्करी मैदानावरून दिवसभर तोफांची धडधड. कपबशा फळीवर नाचतात. तिने व्हॅन पूर्वेला तोंड करून लावली. पहिले काही दिवस तिला आपलं झाड इतकं आठवलं की जेवण जाईना. पण झोप लागत होती.

दर गुरुवारी ती यूमाला जायला लागली. सकाळी जायची, संध्याकाळी परत. भाजी चिरायची, त्याची नखं कापून द्यायची, पत्त्यांत हरायची. कॅपेलबाईही कधीमधी तिसरा गडी म्हणून येऊन बसायच्या. हॉलिसने फोन घेतला. रोज सकाळी सातला करायचा आणि म्हणायचा, "आहे." ती म्हणायची, "मी पण." मग बऱ्याचदा दोघांनाही फोन ठेवायचं सुचायचं नाही, आणि तिच्याकडच्या तोफा त्याला तिकडे ऐकू जायच्या.

एप्रिल सरत आला. उन्हाने खडी तापायला लागली, माळ ओस पडला. शेवटच्या गुरुवारी तिने सांगितलं, की आता निघायला हवं, व्हॅनमध्ये जीव भाजून निघतो.

"जा की. उन्हात वाळवून घेणारेस का स्वतःला?"

"ऑक्टोबरात येतेच."

"ऑक्टोबर म्हणजे काय गुरुवार आहे का?" तो म्हणाला. "एकोणऐंशीचा झालोय मी. ऑक्टोबर असा नुसता म्हणून टाकू नकोस."

ती त्या दिवशी निघाली नाही. आणखी नऊ दिवस राहिली, ओला टॉवेल मानेवर टाकून, दुपारभर धरणाच्या पाण्यात पाय सोडून. मग मेच्या सुरुवातीला उत्तरेला गेली. उन्हाळा तळ्याकाठी, डीनच्या अंगणात गेला. नातवंडांनी व्हॅनच्या आत शंख-शिंपले लावले. रोज सातला फोन वाजायचा, आणि तो वाजेपर्यंत ती कॉफीला हात लावत नसे. दोनदा तो वाजायला उशीर झाला. त्या दोन्ही सकाळी डीनने आपल्या आईला अंगणात येरझाऱ्या घालताना पाहिलं.

"तिकडेच का नाही राहत मग?" त्याने विचारलं.

"कुठे तिकडे? त्याच्या घरात?"

"हं."

"तेच तर सांगता येत नाही रे तुला," ती म्हणाली. "तिथे गेले की इथली आठवण येते, इथे आले की तिथली. आणि व्हॅनमध्ये असले की दोन्हीकडची येते, पण झोप लागते."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती यूमाला पोचली. हॉलिस होता. आणखी वाळला होता, दाढी वाढली होती, आणि दारापर्यंत यायला त्याला वेळ लागला.

"काय गं, चेहरा काय झालाय! तळ्याकाठी मासे खायला घालत नव्हते का?"

"घालत होते. तुझ्याच काळजीने गेले अंगातून."

"माझी काळजी? मी तर ठणठणीत आहे," तो आधाराला धरून म्हणाला.

ती दोन तास बसली. डीनचं सांगितलं, नातवंडांचं सांगितलं. तो ऐकताना तिच्याकडे असा बघत होता की ती मध्येच काय सांगत होते ते विसरली. मग तिची नजर एकदा दाराकडे गेली. त्याने ते टिपलं.

"जा, जा. उजेड आहे तोवर जागेवर लाव गाडी. खडीत चाकं सरकतात अंधारात. गुरुवारी ये."

"आज मंगळवार आहे."

"मग परवा ये म्हटलं. हिशेब काय करतेस?"

तिने गाडी मागे घेतली, वळवली. रस्त्याला लागताना आरशातून बघितलं. दार लागलेलं होतं. उभं राहायला त्याला आता त्रास होतो, तो आत गेला असणार. एकोणतीस वर्षं आरशात बघायची सवय असलेली ती बाई त्या बंद दाराकडे बघत राहिली, आणि मागून कुणीतरी भोंगा वाजवला तेव्हा कुठे तिने गिअर टाकला.